प्रवासी फार झाल्यामुळे बंद

भाऊजींच्या वागण्याला अलीकडे काही धरबंधच राहिला नव्हता. माणसानं खोटं बोलू नये, असं थोरलीचं मुळीच म्हणणं नव्हतं. भरल्या घरात खोट्यावाचून सकाळचा चहासुद्धा सुखानं होत नाही. पण खोटं कसं, तोंडानं बोलावं आणि वाऱ्यावर सोडून द्यावं. उद्या कुणी धरलंच, तर ‘मी कधी म्हणाले?’ असं विचारायची सोय ठेवावी. ते रंगानं लिहायचं? वीत-वीतभर अक्षरांत? आणि तेही स्टेशनच्या कपाळावर?

जुन्या स्टेशनात आज अकरा वाजता वाचनालय उघडणार होतं. अडतीस वर्षं झाली, त्या स्टेशनानं गाडी म्हणून पाहिली नव्हती. रूळ केव्हाच उचलून नेले होते. रुळांच्या जागी गवत वाढलं होतं आणि फलाट त्या गवताकडे तोंड करून अजून वाट बघत बसला होता. मंडळींनी भिंतींना चुना काढला, वेटिंगरूममध्ये कपाटं लावली आणि तिकिटाच्या खिडकीतून आता पुस्तकं द्यायची असं ठरवलं. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे थोरलीचे धाकटे दीर. नगरपालिकेतून मोठे कारकून म्हणून निवृत्त झाल्यापासून दोनच गोष्टींना पीळ द्यायचं काम त्यांना उरलं होतं, एक मिशी आणि दुसरी समिती. दारावरच्या पाटीवर स्टेशनचा इतिहास त्यांनीच लिहून दिला होता.

थोरली नऊ वाजताच येऊन पाटीखाली उभी राहिली. तिचं शिक्षण दुसरीपर्यंत. उरलेली अक्षरं तिला या स्टेशनच्या पाट्यांनी आणि लॉन्ड्रीत येणाऱ्या कपड्यांच्या चिठ्ठ्यांनी शिकवली. ‘थुंकू नये’ हे तिनं आयुष्यात वाचलेलं पहिलं सबंध वाक्य, आणि त्यावर तिची अजून श्रद्धा होती. बोटानं एकेक अक्षर हवेत टोचत तिनं वाचलं, ‘हे स्टेशन एकावन्न वर्षं चाललं. प्र-वा-सी नस-ल्या-मुळे बंद पडलं.’

“कोण नसल्यामुळे?” तिनं शिडीवरच्या पेंटरला विचारलं.

“प्रवासी, आजी.”

“आजी तुझ्या घरी. परत वाच.”

पेंटरनं परत वाचलं. अक्षरं काही बदलली नाहीत.

“रंग वाळलाय?”

“खालच्या दोन ओळी ओल्या आहेत.”

“राहू दे ओल्या,” थोरली म्हणाली आणि पदर खोचून आत वळली.

भाऊजींनी तिला येताना पाहिलं. सत्तावन्न माणसांच्या कचेरीत ज्यांनी कधी कुणाला भीक घातली नाही, त्या अध्यक्षांची पाचावर धारण बसली. ते जे तिकिटाच्या खोलीत घुसले, ते आतून कडी लावूनच थांबले. आता दोघांच्या मध्ये लाकडाची भिंत आणि तिला खाली अर्ध्या चंद्राएवढं भोक, पूर्वी तिकिटं द्यायचं. त्या भोकातून माणसाचा फक्त हात दिसतो, तोंड दिसत नाही. ते बांधलंच तसं होतं.

“भाऊजी, बाहेर या.”

“वहिनी, मी पुस्तकं लावतोय.”

“पुस्तकं वेटिंगरूममध्ये आहेत. आत काय लावताय, कडी?”

मग भोकातून एक हात बाहेर आला, हातात कागद. “हे बघा, मला चारच ओळी दिल्या होत्या. इतिहास थोडक्यात लिहावा लागतो. प्रवासी नसले की स्टेशनं बंद पडतात. जगभर असंच होतं.”

थोरलीनं कागद घेतला नाही. तिनं मनगट धरलं.

“वहिनी, सोडा.”

“दाराची कडी काढा, सोडते.”

“पाटी बदलणार नसाल, तर काढतो.”

“मग बसा असेच. फीत कापायला एक हात पुरतो.”

आता हे मनगट तिनं का धरलं, हे कळायचं तर त्या स्टेशनची खरी हकीकत ऐकायला हवी, पाटीवरची नव्हे.

स्टेशन बांधलं साबणाच्या कारखान्यासाठी. उद्घाटनाच्या दिवशी पहिली गाडी थांबलीच नाही. इथं स्टेशन झालंय हे ड्रायव्हरला कुणी सांगितलंच नव्हतं. बँड वाजत राहिला आणि गाडी शिट्टी मारून निघून गेली. पुढे कारखाना हलला, साबणाचा वास तेवढा मागे राहिला. मग थोरलीचे यजमान इथं स्टेशनमास्तर म्हणून आले आणि बावीस वर्षं राहिले. माणूस असा सरळ, की ओळंबा लावायचा तर त्याच्या पाठीला लावावा. एकदा त्यांची आई लेकीला पोचवायला फलाटावर आली, तर तिला म्हणाले, “फलाटाचं तिकीट?” तिनं डोळे मोठे केले, तर म्हणाले, “रांगेत या.” सासूबाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ते आठ दिवस थोरलीनं फार सुखात काढले.

स्टेशनासमोर थोरलीची लॉन्ड्री. कोळशाच्या दोन इस्त्र्या, एक लांब टेबल आणि मागे दांडीवर सगळ्या गावाची अब्रू टांगलेली. औषधवाल्याचा कोट, दाईचा पांढरा झगा, बँडवाल्यांचे सोनेरी गुंड्यांचे डगले, कुणाकुणाच्या लग्नाचे कपडे. कुणाची विजार कुठं विरली आहे, हे त्याच्या बायकोच्या आधी थोरलीला कळायचं.

आणि एक दिवस वरून पत्र आलं. अमुक तारखेला मोजणीवाला साहेब येईल. दिवसभरात शंभर माणसं चढली-उतरली नाहीत, तर स्टेशन बंद. मास्तरांनी पत्र वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. रोजची माणसं पन्नास, फार तर साठ. त्या रात्री ते जेवले, पण काय जेवले हे त्यांना विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं. एवढंच म्हणाले, “जेवढे येतील तेवढे मोजतील. आपण काय करणार?”

आपण काय करणार, हा प्रश्न थोरलीला कुणी विचारायचा नसतो. तिच्याकडे त्याचं उत्तर असतं.

तिनं स्वतःला धरून घरातली नि आळीतली नऊ माणसं जमवली. पुढचं स्टेशन सात मिनिटांवर. इथून चढायचं, तिथं उतरायचं, उलट्या गाडीनं परत यायचं, मागच्या दारानं लॉन्ड्रीत शिरायचं, कपडे बदलायचे आणि पुढच्या गाडीला पुन्हा रांगेत. दिवसाला आठ गाड्या जाणाऱ्या, आठ येणाऱ्या. कपड्यांना तोटा नव्हता. एकच अट तिनं सगळ्यांना घातली, “तिकीट काढायचं. दर वेळी काढायचं. ह्यांच्या स्टेशनवर फुकट कुणी चढलेलं मला खपायचं नाही.” फसवणुकीतसुद्धा तिचा असा कडक सोवळेपणा होता.

अडचण एकच होती. मोजणीच्या दिवशी मास्तरांनी माणसं गोळा करू नयेत, म्हणून त्यांना दिवसभर तिकिटाच्या खोलीत बसवून साहेबानं दाराला कागदाची पट्टी चिकटवली. अडचण कसली, सोयच झाली! खिडकीतून मास्तरांना दिसणार फक्त हात. नाहीतर स्वतःच्या बायकोला बँडवाल्याच्या डगल्यात पाहून त्या सरळ माणसानं जागीच राजीनामा दिला असता.

भाऊजी तेव्हा चोवीस वर्षांचे. लांबडे, शिडशिडीत, नुकतीच मिशी फुटलेली, आणि तिचा अभिमान असा की मिशी पुढे चालते आहे आणि हे मागून येताहेत. थोरली म्हणाली, “पुरुष जास्त झालेत, बायका कमी पडतात. भाऊजी, इकडे या.” नणंदेनं दोन्ही हात धरले, थोरलीनं वस्तरा. पाच मिनिटांत मिशी साबणाच्या फेसात वाहून गेली. निळा झगा, गळ्यापर्यंत बंद, आणि डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. नणंद हसून हसून इस्त्रीच्या टेबलाखाली गेली.

“वहिनी, मला हे जमायचं नाही.”

“नाही कसं जमत? बायकांना जन्मभर जमतं. खांदे पाडा. आणि पावलं लहान टाका, शेत मोजायला निघाला नाहीत.”

साहेब फलाटावर खुर्ची टाकून बसला होता. मुठीत एक यंत्र. पायरीवर पाय पडला की अंगठा दाबायचा, टिक. यंत्राला पाय कळतात, तोंडं कळत नाहीत. पहिल्या गाडीला टिक, टिक, टिक. दुसऱ्या गाडीला टिकटिकटिक. तिसऱ्या गाडीत खरा औषधवाला बसलेला होता. त्याच्या समोरून त्याचाच कोट चालत गेला. त्यानं डोळे चोळले. थोरलीचा चुलत भाऊ कोटातून म्हणाला, “नमस्कार.” औषधवाला म्हणाला, “नमस्कार... कोट छान आहे.” भाऊ म्हणाला, “तुमचीच निवड.” त्यानंतर औषधवाला महिनाभर रोज एक चमचा स्वतःचंच टॉनिक घेत होता म्हणतात.

आणि भाऊजी! त्यांच्या मापाचा झगा लॉन्ड्रीत एकच होता. त्यामुळे दर गाडीला तोच निळा झगा, तोच रुमाल. साहेबानं पहिल्यांदा मान लववली. दुसऱ्यांदा उठून उभा राहिला. चौथ्यांदा पायरी चढायला हात दिला. सहाव्यांदा म्हणाला, “किती ही दगदग! या स्टेशनवर बायकांना बसायला एक बाकसुद्धा नसावं?” भाऊजींनी रुमाल तोंडावर ओढला. साहेबाला वाटलं, लाजल्या. ते खरंतर रडायला आले होते, झगा काखेत काचत होता.

दिवस संपला. यंत्रावर आकडा दोनशे चार. लॉन्ड्रीत त्या संध्याकाळी जो धिंगाणा झाला, तो पुन्हा त्या घरात कुणाच्या लग्नात झाला नाही. सगळे अर्धे कुणाचे, अर्धे कुणाचे कपडे घालून नाचले. मग थोरलीनं चौसष्ट कपडे पुन्हा धुतले आणि इस्त्री केले.

अति तिथं माती, हे थोरली सगळ्यांना सांगायची. त्या दिवशी स्वतःला सांगायचं राहून गेलं. दोन महिन्यांनी पत्र आलं. मास्तरांचं अभिनंदन. प्रवाशांची संख्या अपेक्षेच्या दुप्पट. एवढ्या गर्दीला हा फलाट अपुरा आणि धोक्याचा. महिला प्रवाशांची उभं राहून विशेष गैरसोय. सबब कालव्यापलीकडे लांब फलाटाचं, महिलांसाठी वेताच्या खुर्च्यांच्या स्वतंत्र खोलीचं नवं स्टेशन बांधावं, आणि ते झालं की हे बंद करावं.

मास्तरांनी पत्र मोठ्यानं वाचलं. स्वयंपाकघरात नऊ माणसं नऊ दिशांना बघत होती. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, “चला! आपलं स्टेशन फारच चाललं.” नव्या स्टेशनवर त्यांना तिसरे सहायक केलं. हाताखाली दोन माणसं होती ती जाऊन डोक्यावर तीन आली. पण माणूस एकदाही कुरकुरला नाही. रोज संध्याकाळी परत येताना जुन्या स्टेशनात शिरायचे, घड्याळाला किल्ली द्यायचे आणि घरी यायचे. निवृत्तीनंतरही, मरेपर्यंत.

ते हसत गेले, म्हणून थोरलीचं दुखणं जास्त. तिनं नवऱ्याला फसवलं होतं, त्याच्याच स्टेशनवर, आणि ते स्टेशन त्याच्या हातून घालवलं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि आता या पाटीनं अख्ख्या गावाला सांगायचं, की मास्तरांच्या स्टेशनवर कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं?

“दोनशे चार,” ती भोकाशी तोंड नेऊन म्हणाली. “आकडा तुम्हाला माहीत आहे. त्यातले सोळा तर तुम्ही एकटे.”

“हळू!” हात आतून कासावीस झाला. “पेंटर ऐकेल.”

“मी काही ऐकत नाहीये,” पेंटर दारातून म्हणाला. तो शिडी सोडून कधीच आत आला होता. “कोणता झगा म्हणालात?”

“अजून म्हणाले नाही. निळा.”

“वहिनी, पाया पडतो. अकराला शाळेतली पोरं येणार आहेत. नगराध्यक्षबाई येणार आहेत. मला या गावात तोंड दाखवायचंय.”

“तेच म्हणते मी. तोंड दाखवा की. गेली पाऊण घटका नुसता हात दाखवताय.”

“मी माझाच विचार करतो असं नाही. दादाचं काय? खरं लिहिलं, तर लोक म्हणतील, मास्तरनं घरचीच माणसं उभी केली.”

“म्हणतील तर मी सांगेन, हे आत कोंडलेले होते. ह्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. पाप माझं, माझ्या नावावर लिहा. पण ह्यांचं स्टेशन ओसाड होतं असं लिहायचं नाही.”

भोकातला हात एकदम सैल पडला.

“वहिनी,” भाऊजी म्हणाले, “दादाला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“सगळं. पहिल्या तिकिटापासून. तुम्ही डगला बदललात, चाल बदललीत, आवाज घोगरा केलात. पण भोकातून पैसे कोणत्या हातानं दिलेत?”

थोरलीनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्याच हातानं तिनं भाऊजींना धरलं होतं. मनगटाच्या वर इस्त्रीच्या नाकाचा तिकोनी डाग, लग्नाच्या दुसऱ्या वर्षीचा. सगळ्या गावाचे कपडे बदलणारी ती, हात बदलायचा विसरली होती. आणि मास्तर दिवसभर दुसरं काहीच बघत नव्हते.

“आठ वेळा आला म्हणे तो हात,” भाऊजी सांगत होते. “मला शेवटच्या दुखण्यात सांगितलं. म्हणाला, पहिल्यांदा वाटलं दार तोडून बाहेर जावं. मग वाटलं, तिकीट तर काढलंय ना? नियमात कुठं लिहिलंय, एका माणसानं दिवसात किती वेळा जावं? म्हणून शिक्का मारला.”

“हे तुमचं मनचं आहे.”

“मनचं? संध्याकाळी तो साहेब याच भोकाशी आला. दादाला विचारलं, त्या निळ्या झग्यातल्या उंच बाई कोण? दादा काय म्हणाला असेल?”

“काय?”

“म्हणाला, साहेब, नाद सोडा. त्यांचं लग्न ठरलंय.”

पेंटर खाली बसला. त्याच्या हातातला ब्रश स्वतःच्या गुडघ्यावर टेकला, तरी त्याला कळलं नाही.

“आणि मला का नाही सांगितलं?” थोरलीचा आवाज वेगळाच येत होता.

“मी विचारलं होतं. म्हणाला, नको. मला फसवून ती किती खूश होती तू पाहिलं नाहीस. तिचा तेवढा आनंद काढून घेऊ नकोस.”

थोरली भिंतीला टेकली. क्षणभर वाटलं, म्हातारी रडणार. तिला स्वतःलाही तसंच वाटलं. पण डोळ्यांपर्यंत आलेलं पाणी वाटेतच दुसऱ्या रुळावर गेलं.

“डबल इस्त्री!” ती ओरडली.

“काय?”

“बत्तीस वर्षं मी त्या माणसाच्या विजारीला डबल इस्त्री केली! फसवलं म्हणून! जेवताना पहिला घास त्यांना, चांगली उशी त्यांना, एका शब्दानं उलटून बोलले नाही. निदान फारसं नाही. आणि ते सगळं माहीत असून बत्तीस वर्षं कडक घडीत हिंडले? आरशात बघून मला म्हणायचे, ‘तुझ्या हाताला तोड नाही.’ हाताला! अहो, तेव्हाच सांगत होते की मेले!”

आणि ती हसायला लागली. आतून भाऊजी हसायला लागले, भोकातला हात आचके द्यायला लागला, पेंटर तर आधीपासून हसतच होता. तिकिटाची ती खोली, जिथं एकावन्न वर्षं कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, ती ढोलासारखी घुमली. फलाटावरची कबुतरं उडाली. बाहेर खुर्च्या मांडणारी माणसं थबकली.

दहाला वीस कमी असताना कडी निघाली. भाऊजी बाहेर आले, चुन्यानं पांढरे, मिशीचा पीळ सुटलेला.

“पेंटर,” थोरली म्हणाली, “‘नसल्यामुळे’ पूस. ‘फार झाल्यामुळे’ लिही.”

“बसेल जागेत.”

“खाली आणखी एक ओळ लिही. ‘सगळ्यांनी तिकीट काढलं होतं.’”

“खाली जागा नाही, आज... बाई. खाली अध्यक्षांचं नाव आहे.”

पेंटरनं भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी पाटीकडे पाहिलं, मग वहिनींच्या हाताकडे, त्या तिकोनी डागाकडे. मग त्यांनी खिशातला घडीचा रुमाल काढला, टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवला, शिडीवर चढले आणि आपलं नाव आपल्या हातानं पुसलं. लांबडा माणूस, दुसऱ्याच पायरीवरून हात पोचला. उतरताना त्यांनी सवयीनं पावलं लहान टाकली.

अकराला माणसं जमली. सगळ्यांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि एकमेकांना विचारायला लागली, म्हणजे काय? नगराध्यक्षबाईंनी भाऊजींनाच विचारलं. भाऊजींनी घसा साफ केला, थोरलीकडे पाहिलं आणि सुरुवात केली, “त्याचं असं झालं, मी तेव्हा एक निळा झगा...” पहिल्या रांगेतली पोरं खुर्चीवर उभी राहिली. शेवटच्या रांगेतून नणंदेचं हसू ऐकू आलं. साठ उलटलेली ती बाई पुन्हा टेबलाखाली जाते की काय, असं वाटलं.

फीत कापून झाली. वास्तविक ती कुणाच्या लक्षातच राहिली नव्हती, वाऱ्यानं सुटू नये म्हणून कापली. भाऊजी घाम पुसत वहिनींपाशी आले. पोरं मागेच होती, पुन्हा सांगा, पुन्हा सांगा करत.

“झालं ना मनासारखं?” ते म्हणाले. “आता तरी सांगा, कसं केलं मी?”

थोरलीनं त्यांच्या सुटलेल्या मिशीकडे पाहिलं, सुरकुतलेल्या कोटाकडे पाहिलं, आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “भाऊजी, उभ्या जन्मात तुम्ही एकच काम धड केलंत, ते झगा घालून. बाकी सगळं विजार घालून केलंत, म्हणून बिघडलं.”